डबीवरच्या फिकट रेघा

आमच्या गल्लीत कुणाकडे कुकरची शिट्टी झाली, तर तिथे काहीतरी शिजत असतं. वाफमामांच्या घरातून शिट्टी आली तर तसं सांगता येत नाही. आत बटाटे असतील, नाहीतर नखं काढायची कात्री असेल.

मामांना मी पुष्कळ वर्षं ओळखतो. आम्ही एकाच रुग्णालयात नोकरीला होतो आणि निवृत्तीनंतर समोरासमोरच्या घरांत राहायला आलो. त्यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं असं मला वाटायचं. ज्यांना चांगलं लिहिता येतं ते त्यांना ओळखत नाहीत, म्हणून मी लिहितो आहे. जमेल तसं.

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या पलीकडे, मामांची खोली होती. त्या खोलीत वाफेचं यंत्र होतं. माणूस वाकून आत जाईल एवढं गोल दार, दारावर लोखंडी चाक, वर काचेतला काटा. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, कापडं, बोळे, सगळं आधी मामांकडे यायचं. ते प्रत्येक वस्तू कापडात गुंडाळायचे, कोपरे असे दुमडायचे की गाठोडं एका हाताने उघडता यावं, आणि वर एक चिकटपट्टी लावायचे. या पट्टीवर फिकट तिरप्या रेघा असतात. वाफ पुरेशी लागली की त्या काळ्या होतात. रेघा काळ्या म्हणजे माल वर जाऊ द्या. एका जरी गाठोड्यावरची रेघ फिकट राहिली, तर मामा सगळं परत आत घालायचे. याला ते ‘घाणा परत’ म्हणायचे. मग वरच्या मजल्यावर स्वतः फोन करायचे. “माझ्याकडून चूक झाली आहे. थांबावं लागेल.” एवढंच. पलीकडून काय काय बोललं जायचं ते आम्हाला बाजूच्या खोलीत ऐकू यायचं. मामा ते पूर्ण ऐकून घ्यायचे, फोन ठेवायचे आणि चाक फिरवायला लागायचे.

बाजूची खोली माझी. वाफेत जे तगत नाही, म्हणजे नळ्या, मुखवटे, एकूण प्लास्टिकचा माल, तो माझ्याकडे यायचा आणि गॅसने निर्जंतुक व्हायचा. मामांना माझ्या खोलीबद्दल फारसा आदर नव्हता. “तुमचा गॅस दिसत नाही, ऐकू येत नाही,” ते म्हणायचे. “वाफ कशी, सांगून काम करते.” वाफेत जी वस्तू टिकत नाही ती मुळात विकतच घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. मला ते गॅसवाले म्हणत, अजूनही म्हणतात. त्यांना वाफमामा हे नाव धुलाईखान्यातल्या बायकांनी दिलं आणि त्यांच्या बायकोला त्यामुळे आपोआप मामी व्हावं लागलं.

निवृत्तीच्या दिवशी लोकांना घड्याळ देतात. मामांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि चिकटपट्टीची गुंडाळी मागून घेतली. घरी मोठा कुकर होताच. तेव्हापासून चमचे, दाढीचं सामान, कानातलं, भाजीची सुरी, सगळं अधूनमधून गाठोड्यात बांधून कुकरमध्ये जातं. मामी म्हणतात, “घरात प्लास्टिक आणायचं मी कधीच सोडलंय. या माणसापुढे ते उभं राहत नाही.” पाहुण्यांसमोर त्या असंही म्हणतात, “नशीब माझं, मी कुकरमध्ये मावत नाही.” मामा यावर हसत नाहीत. मावल्या असत्या तर काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

त्यांना एकच मुलगी. तिचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. ती शाळेत असताना कुणीतरी सुचवलं होतं की तार लावून घ्या. मामा म्हणाले होते, “दात स्वच्छ असले म्हणजे झालं. रांगेत कशाला उभे करायचे? कवायत आहे का?” ते विसरून गेले. मुलगी विसरली नाही. तिच्या कुठल्याही फोटोत ओठ उघडे नाहीत, लग्नाच्यासुद्धा. पुढे तिच्या मुलीचे दात तसेच यायला लागले, तेव्हा तिने कुणाला न विचारता तिला दंतवैद्याकडे नेलं. तार बरेच दिवस राहिली. निघाली तेव्हा दात भिंतीवरच्या फरश्यांसारखे सरळ झाले होते, आणि ते तसेच राहावेत म्हणून डॉक्टरांनी रिटेनर दिला. पारदर्शक, पातळ, दातांच्याच आकाराचा. रात्री घालून झोपायचं, सकाळी काढून धुऊन डबीत ठेवायचं. तार काढल्यावर दात पुष्कळ दिवस जुन्या जागेची आठवण ठेवतात म्हणे. रिटेनर नसला की हळूच तिकडे सरकायला लागतात.

या नातीला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहत नाही. तिच्या आईवडिलांची नोकरी फिरतीची. मुलीला एका शाळेत टिकवायचं तर दोनच वाटा होत्या, हॉस्टेल किंवा आजोळ. भिंगरीने आजोळ निवडलं. आईचं मन हॉस्टेलकडे होतं. तिथे वेळेवर झोपवतात, वेळेवर उठवतात, डबी तपासतात. शेवटी एका सत्रापुरतं आजोळ ठरलं. मुलीने मामांना बजावलं, “बाबा, मला दुसरं काही नको. तिचा अभ्यास कमी झाला तरी चालेल. दात जागेवर राहिले पाहिजेत. ते राहिले तर ती तुमच्याकडे राहील.”

भिंगरी आली आणि त्या घराचा आवाज बदलला. आधी समोरून कुकर आणि बातम्या ऐकू यायच्या. आता दप्तर आपटल्याचं, जिन्यावरून धावल्याचं, मामींचं “अगं चप्पल!” असं सगळं ऐकू यायला लागलं. मामा दारात उभे राहून शाळेच्या गाडीची वाट बघायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे की हवा खातोय. कुकरची शिट्टीही कमी झाली. कात्र्या उकळायला त्यांना सवड होत नसावी.

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. कसं काय, जेवलीस का, हे नंतर. आधी हुकूम.

“ई कर.”

“ईईई.”

“डावीकडून. आता डबी.”

भिंगरी डबी उघडून फोनपुढे धरायची. पहिले काही दिवस ठीक गेलं. पण भिंगरी ती भिंगरी. सकाळी रिटेनर नळाखाली धरायची, झटकायची, ओला तसाच डबीत टाकून झाकण लावायची आणि गाडी पकडायला पळायची. ब्रश लावायचा तो लावतच नसे. हळूहळू रिटेनरच्या आतल्या बाजूला पांढरट खरखरीत थर धरला. डबी उघडली की वास यायला लागला. मामींनी एकदा उघडून बघितली आणि म्हणाल्या, “हिच्यात कोण मेलंय?”

एका संध्याकाळी फोनवर उजेड नीट पडला होता आणि आईला तो थर दिसला.

“हे पांढरं काय आहे?”

“कुठे काय?”

“जवळ धर. जवळ. शी! भिंगरे, हे तोंडात घालतेस?” मग ती मामांना म्हणाली, “बाबा, तुमच्या घरात? तुमच्या? आठवडाभरात हे साफ झालेलं दिसलं नाही, तर मी हॉस्टेलचं पक्कं करते.”

घाणीचा असा आरोप मामांवर उभ्या जन्मात कुणी केला नव्हता. त्यांनी भिंगरीला विचारलं, “डॉक्टरांनी काय सांगितलंय, हे कसं धुवायचं?”

“गार पाण्याने. मऊ ब्रशने. गरम पाणी लावायचं नाही.”

“गार पाण्याने?” मामा म्हणाले. “गार पाण्याने धूळ जाते. स्वच्छ काही होत नाही.”

“तसं सांगितलंय खरं.”

“डॉक्टरांना घाई असते,” मामा म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

पुढचं मला मामींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेला गेल्यावर मामांनी डबीतून रिटेनर काढला. धुतलेलं कापड घेतलं, ते टेबलावर अंथरलं, चारी कोपरे जुन्या पद्धतीने दुमडले आणि गाठोड्यावर चिकटपट्टी लावली. कुकरमध्ये जाळी ठेवली, जाळीवर गाठोडं. मामी म्हणाल्या, “अहो, ते तिच्या दातांचं आहे ना?” मामा म्हणाले, “म्हणूनच.” शिट्ट्या झाल्या. त्यांनी आच कमी केली आणि खुर्ची ओढून समोर बसले. वाफ त्यांनी हाताने सोडली नाही, कुकर आपणहून थंड होऊ दिला, कारण घाई केली की कापड ओलं राहतं. मग झाकण काढून त्यांनी गाठोडं उजेडात धरलं. पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या होत्या.

“बघ,” त्यांनी मामींना दाखवलं. “कुळकुळीत.”

मग त्यांनी गाठोडं उघडलं.

आत जे होतं त्याला रिटेनर म्हणता येत नव्हतं. दातांचे खळगे बुजले होते. कमान उलगडून सपाट झाली होती आणि कडा आत वळल्या होत्या. वाळलेलं पान जसं एका बाजूने मुरडतं तसं ते दिसत होतं. पांढरा थर मात्र होता तिथेच होता.

मामी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “जंतू मेले ना? मग झालं तर.”

थोड्या वेळाने मामा माझ्या दारात उभे होते. ते सहसा माझ्याकडे येत नाहीत, मी त्यांच्याकडे जातो. हातात रुमालाची घडी होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर उघडली.

“गॅसवाले, हे बघा.”

मी पाहिलं. काय झालं असेल ते समजायला वेळ लागला नाही. मी म्हणालो, “प्लास्टिक होतं, मामा.”

“ते मला दिसत नव्हतं का?” ते चिडले आणि लगेच बसले. “दिसत होतं. मला वाटलं, पातळ आहे, लगेच होईल. परत होईल का सरळ? कोमट पाण्यात धरून?”

“मला नाही वाटत.”

“संध्याकाळी फोन येणार,” मामा म्हणाले. “ती पोरीला घेऊन जाणार.”

मी त्यांना दंतवैद्याकडे जाऊ या म्हणालो. चपलांच्या दुकानावर एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझी एक दाढ त्यांनीच काढली. मामा जिन्यात दोनदा थांबले. दम लागला असं म्हणाले, पण जिना लहान आहे.

डॉक्टरीणबाईंनी ती वस्तू चिमट्यात धरून उजेडात फिरवली. “गाडीत उन्हात राहिला होता का?”

“नाही,” मामा म्हणाले. “कुकरमध्ये.”

“चुकून पडला?”

“घातला. जंतू मारायला.”

त्यांनी खालचा ओठ दातांत धरला. हसू आवरायला असेल, पण आवरलं. “मामा, हे प्लास्टिक गरम करूनच दातांच्या साच्यावर बसवलेलं असतं. पुन्हा तापलं की आकार विसरतं. उकळतं पाणी पुरे होतं त्याला. तुम्ही तर त्याच्याही वर गेलात.”

“मग ते स्वच्छ कसं करायचं?” मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात वाद नव्हता, खरोखरच विचारलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सकाळी काढला की लगेच, वाळायच्या आत धुवायचा. गार पाणी, मऊ ब्रश, भांडी धुवायच्या साबणाचा एखादा थेंब. आतून, बाहेरून. दात घासायची पेस्ट लावायची नाही, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. थर धरलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात बुडवून ठेवायचा, मग ब्रशने निघतो. धुतल्यावर कोरडा होऊ द्यायचा. डबीला भोकं हवीत.

“एवढ्याने जंतू मरतात?”

“काही मरतात, बरेचसे वाहून जातात.”

“आणि उरलेले?”

“उरतात. मामा, तो शेवटी तोंडातच जाणार आहे. तिथे त्यांचे सगळे नातेवाईक बसलेले आहेत.”

मामांनी ती वस्तू परत रुमालात गुंडाळली.

नवा रिटेनर करता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तार काढून फार दिवस झालेले नव्हते, दात अजून पक्के बसले नसणार. आत्ताच्या दातांचं माप घेतलं आणि ते थोडे सरकलेले असले, तर नवा रिटेनर सरकलेल्या जागीच धरून ठेवेल. तार काढताना घेतलेला प्लास्टरचा साचा मिळाला तर उत्तम. तो मुलीच्या आईकडे असेल. “आणि तसंही मला तिच्या आईशी बोलावंच लागेल. तिला न सांगता मी काही करणार नाही.”

परत येताना कोपऱ्यावर आल्यावर मामा म्हणाले, “म्हणजे तोंड मुळातच घाणेरडं.”

“असंच म्हणाल्या त्या.”

“मग आपण इतकी वर्षं काय केलं?”

“पोटात जाणाऱ्या कात्र्यांची गोष्ट वेगळी, मामा.”

“हं,” ते म्हणाले. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, “हं.”

शाळेची गाडी आली तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो. मी उठायला लागलो की मामा म्हणायचे, बसा हो, कुठे आग लागलीये. म्हणून बसलो. भिंगरी आत आली, दप्तर टाकलं, आणि टेबलावर रुमालात ती वस्तू दिसली.

“हे काय आहे?”

“ओळख,” मामी म्हणाल्या.

तिने उचलली, उलटी केली, आणि ओळखली. मग ती इतकी हसली की जमिनीवर बसली. “आजोबा! शिजवलात? तुम्ही माझा रिटेनर शिजवलात?” तिने तो जिभेवर ठेवून पाहिला, तो कुठेच बसेना, म्हणून आणखी हसली. मामा खुर्चीत ताठ बसून होते. हसता हसता तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि हसू थांबलं.

“आईचा फोन येईल.”

“मी सांगतो तिला,” मामा म्हणाले.

“नको! तुम्ही सांगितलंत तर ती म्हणेल, यांच्याकडे ठेवण्यात अर्थच नाही. मी सांगते, शाळेत हरवला. सगळ्यांचे हरवतात. आमच्या वर्गातल्या एकीने कागदात गुंडाळून ठेवला आणि कचऱ्यात गेला.”

“हरवला म्हटलं तरी हॉस्टेलच,” मामी म्हणाल्या.

“मग कुत्र्याने खाल्ला.”

“कुणाच्या?”

“कुणाच्याही. रस्त्यावरच्या.”

“आणि रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे तू तोंड उघडून बसली होतीस?”

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. मामा टेबलावरची चिकटपट्टी बघत होते. गाठोड्याची ती पट्टी त्यांनी टाकून दिली नव्हती, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली होती, काळ्या रेघांची.

फोन वाजला. भिंगरीने तो लगेच उचलला, कुणी मधे पडायच्या आत.

“ई कर.”

“ईईई.”

“डबी.”

“आई, ते ना, शाळेत राहिला.”

“राहिला म्हणजे? शाळेत कशाला नेलास?”

“नेला चुकून. मग डबा खाल्ल्यावर बघितलं तर नव्हता.”

आई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. आवाज खाली आला. “बरं. मी तुला सांगितलं होतं. सत्र संपलं की हॉस्टेल. आता रडून उपयोग नाही.”

“मी रडत नाहीये,” भिंगरी म्हणाली, आणि खरंच रडत नव्हती. पण ती एका जागी उभी होती. तिला तशी उभी मी त्याआधी पाहिली नव्हती.

मामा उठले. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला, पण तो चेहऱ्यासमोर धरला नाही, जुन्या फोनसारखा कानाला लावला.

“मी बोलतोय,” ते म्हणाले. “घाणा परत.”

हे शब्द ऐकत ती मुलगी लहानाची मोठी झाली होती.

“काय झालं, बाबा?”

“माझ्याकडून चूक झाली आहे. वस्तू हरवलेली नाही. वस्तू प्लास्टिकची होती, मी वाफेत घातली. आकार गेला आहे. वापरता येणार नाही. पोरीने काही केलेलं नाही, तिने मला सांगितलं होतं की गरम पाणी नको. इथल्या दंतवैद्याला दाखवली, नवीन करावी लागेल. साचा तुझ्याकडे आहे. थांबावं लागेल.” मग आठवल्यासारखं म्हणाले, “तिला न्यायची असेल तर माझ्यामुळे ने. तिच्यामुळे नेऊ नकोस.”

एवढं बोलून ते ऐकायला उभे राहिले. वरच्या मजल्यावरचं ऐकून घ्यायला उभे राहायचे तसे, एक हात टेबलावर टेकून. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“कुकर?” मुलीने विचारलं.

“हो.”

“पट्टी लावली होती?”

“लावली होती.”

“रेघा?”

“काळ्या.”

मग ती म्हणाली, “बाबा, माझी बाहुली आठवते?”

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली, त्यांना आठवत होतं.

“मला कांजिण्या आल्या होत्या,” मुलगी म्हणाली. “मी बरी झाल्यावर तुम्ही माझी बाहुली कामावर घेऊन गेलात, वाफेत घालायला. परत आणलीत तेव्हा तिचा एक डोळा गालावर आला होता आणि हनुवटी छातीत गेली होती. मी रडायला लागले. तुम्ही काय म्हणालात, माहितीये? म्हणालात, रडू नकोस, आता ती या घरातली सगळ्यात स्वच्छ मुलगी आहे.”

“असं म्हणालो?” मामा म्हणाले.

“पट्टी लावलेली होती तिच्या पोटावर.”

मामी तोंडावर हात ठेवून आत निघून गेल्या. हसत होत्या की काय, पाठमोऱ्या कळलं नाही.

“फोन समोर धरा,” मुलगी म्हणाली. मामांनी धरला. “भिंगरे, तू खोटं का बोललीस?”

“आजोबा रडवेले झाले होते.”

“मी?” मामा म्हणाले. “मी मुळीच नव्हतो.”

“होते,” भिंगरी म्हणाली. “गॅसवाल्या आजोबांना विचार.”

मी मान हलवली. कुठल्या दिशेला, ते आता सांगता येणार नाही.

मुलीने एक श्वास सोडला. “बाबा, त्या डॉक्टरांचा नंबर द्या. साचा उद्याच पाठवते. माझ्या कपाटात वरच आहे, बाहुलीशेजारी. साचा पाठवते, बाहुली पाठवत नाही. आणि यापुढे डबीला तुम्ही हात लावायचा नाही. भिंगरी, तू धुवायचा. रोज सकाळी, मला फोन लावून, माझ्यासमोर. गाडी चुकली तर चुकली.”

“आणि हॉस्टेल?” भिंगरीने विचारलं.

“बघू नंतर.”

ते नंतर बघणं अजून आलेलं नाही. पुढचं सत्र सुरू झालं आहे आणि भिंगरी इथेच आहे.

साचा यायला आणि त्यावरून नवा रिटेनर व्हायला काही दिवस गेले. त्या दिवसांत भिंगरी सकाळी उठली की जिभेने दात चाचपायची, आणि मामा बॅटरी घेऊन बघायचे. त्यांना दात सरकलेले दिसायचे, तिला दिसायचे नाहीत. खरं काय ते नवा रिटेनर आल्यावर कळलं. तो बसला, पण घट्ट बसला. पहिल्या दोन-तीन रात्री दात दुखले. म्हणजे जुन्या जागेकडे निघाले होते खरे, फार लांब गेले नव्हते इतकंच. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं, आणि नव्या डबीला भोकं आहेत ना ते पाहिलं.

आता सकाळी त्यांच्या न्हाणीघरातून नळाचा आवाज येतो. भिंगरी फोन आरशाला टेकवते आणि गार पाण्याखाली ब्रश चालवते, आतून, बाहेरून. मामा दाराशी उभे असतात, हात पाठीमागे बांधून. बोलायची त्यांना परवानगी नाही. एकदा ते म्हणाले, “कोपऱ्यात राहिलं,” तर फोनमधून आवाज आला, “बाबा!”

पहिल्याच दिवशी भिंगरीने आणखी एक गोष्ट केली. आजोबांच्या गुंडाळीतून चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि नव्या डबीवर चिकटवला. मामांनी विचारलं, हे कशाला.

“तुम्ही कुकरमध्ये घातलीत तर रेघा काळ्या होतील,” ती म्हणाली. “मग मला लगेच कळेल.”

संध्याकाळचा फोनही चालू आहे, त्यात एक हुकूम वाढला आहे. ई कर, डबी, रेघा. भिंगरी डबीचं झाकण फोनपुढे धरते.

“फिकट,” ती सांगते.

“मग ठीक,” पलीकडून उत्तर येतं.

मामा तेव्हा वर्तमानपत्र वाचत असतात. डबी नंतर टेबलावर त्यांच्या हाताशीच पडलेली असते. फिकट रेघ दिसली की त्यांचा हात अजून पुढे जातो. जुनी सवय आहे. डबीजवळ तो थोडा थांबतो, आणि मग वर्तमानपत्राचं पान उलटतो.